मी गाळलेला ‘नो’

बाई,

तुमची नात शाळेत स्पॅनिश शिकते. तुम्ही गेलात तेव्हा ती दोन वर्षांची होती, आता पंधरा पूर्ण होतील. शाळेत फ्रेंच, जर्मन की स्पॅनिश असं विचारलं तेव्हा तिने म्हणे ‘आजीची भाषा’ म्हणून हीच घेतली. तुम्ही तिला आठवत नाही. पण त्यांच्या घरात तुमचा आवाज आहे, तुमच्या मुलाने हॉस्पिटलात फोनवर रेकॉर्ड केलेला आणि नंतर जपून कॉम्प्युटरवर चढवलेला. तो तिने मध्यंतरी एकदा नीट ऐकला आणि बापाला विचारलं, "पप्पा, आजी इथे फेलीस म्हणते. फेलीस म्हणजे हॅपी. मग ह्या मावशी तुम्हाला भलतंच का सांगतायत?" त्या मावशी म्हणजे मी. तीन आठवड्यांपूर्वी, एका रविवारी दुपारी, तुमच्या मुलाचा मला फोन आला. आवाजात राग नव्हता. एवढंच म्हणाले, "ताई, एकदा घरी येऊन जाल का? एक जुनं रेकॉर्डिंग आहे, तुमच्याकडून परत समजून घ्यायचंय." मला लगेच कळलं कुठलं ते. तेरा वर्षं मी त्या फोनची वाट बघत होते, असं म्हटलं तर खोटं होईल. मी तो येऊ नये म्हणून वाट बघत होते.

बाकीचे सगळे तुम्हाला मॅडम म्हणायचे. मी मराठी शाळेतली, माझ्या तोंडून बाईच यायचं, आणि तुम्हीही ते चालवून घेतलंत. मुलुंड पूर्वेला, नवघर रोडवरच्या तुमच्या पहिल्या मजल्यावरच्या घरात शनिवारी आणि रविवारी दुपारी आम्ही सहा-सात जण जमायचो, जेवणाच्या टेबलाभोवती, ज्याचा सनमायका एका कोपऱ्यात उचकटला होता आणि धडा कंटाळवाणा झाला की कुणी ना कुणी तो नखाने आणखी उचकटत बसायचं. मी नाहूरहून चालत यायचे. चोवीस वर्षांची होते, ऐरोलीच्या एका ऑफिसात कॉम्प्युटरवर फॉर्म भरायचं काम करायचे, आणि तिथे सांगितलं होतं की ज्यांना स्पॅनिश येईल त्यांना वरच्या मजल्यावरच्या टीममध्ये घेणार. वरच्या मजल्याला खिडक्या होत्या. माझं स्पॅनिश शिकण्याचं कारण एवढंच. मुलुंडच्या मार्केटात तुमच्या क्लासचा कागद चिकटवलेला दिसला, हाताने लिहिलेला, खाली तुमचं नाव अगदी आपल्यातलं, तळकोकणातलं. मला वाटलं, ही बाई काय स्पॅनिश शिकवणार.

तुमच्या क्लासची सुरुवात ठरलेली. तुम्ही एकेकाकडे बघून विचारायचात, ‘कोमो एस्तास?’, कशी आहेस, आणि उत्तर पूर्ण वाक्यात द्यायचं, कारणासकट. कुणी म्हणायचं मी दमलोय, कारण बॉसने शनिवारी पण बोलावलं. कुणी म्हणायचं मी खूश आहे, कारण नवीन बाईक घेतली. माझी पाळी आली की मी म्हणायचे, ‘एस्तोय बियेन.’ मी बरी आहे. कारण? कारण काही नाही, बरी आहे. तुम्ही पेन्सिल टेबलावर आपटायचात आणि पुढच्याकडे वळायचात.

भावनांच्या धड्यावर तुम्ही महिनाभर रेंगाळलात, पुस्तकात ती दोनच पानं असूनही. तुम्ही म्हणालात, इंग्रजीत माणूस म्हणतो, मी रागावलेला आहे, मी घाबरलेला आहे, म्हणजे तो अख्खाच तसा होऊन बसतो. आपल्याकडे तसं नाही. आपल्याला राग येतो, आठवण येते, रडू येतं. बाहेरून येतं, पाहुण्यासारखं, आणि आपण म्हणतो बस बाबा जरा. तिकडे भीती माणसाकडे असते, तहान असते, लाज असते, खिशात किल्ली असावी तशी. ‘तेंगो मियेदो,’ माझ्याकडे भीती आहे. आणि काही गोष्टी तिकडेही आपल्यासारख्याच येतात. ‘मे दा पेना,’ मला दुःख देतं ते. मग तुम्ही त्या दोन ‘असण्यां’वर आलात, ज्यांनी आम्हा सगळ्यांना रडवलं. ‘एस्तार’ म्हणजे आत्तापुरतं असणं, ‘सेर’ म्हणजे मुळातून असणं. पोळी गरम आहे, हे एस्तार; लोखंड जड आहे, हे सेर. आणि सुखी? एकाने विचारलं. म्हणालात, दोन्ही चालतं. पगार झाला, खूश आहे, तर एस्तार. पण आयुष्याकडे बघून माणूस म्हणाला की मी सुखी होतो, तर ‘एरा फेलीस.’ हे उगीच तोंडातून येत नाही हं, असं म्हणून तुम्ही फळा पुसलात.

त्याच महिन्यातला एक शनिवार. आदल्या दिवशी आमच्या घरी आईच्या हातावर कढईतलं तेल उडालं होतं, मनगटापासून कोपरापर्यंत. ती मोरीत नळाखाली हात धरून उभी, मी शेजारणीकडे मलम मागायला धावतेय, आणि बाबांनी खाटेवरूनच विचारलं, "चाय ठेवलास काय?" बाबांची गिरणी बंद पडली तेव्हापासून ते त्या खाटेवर बसले होते, मी शाळेत जायच्या आधीपासून. कधी हात उगारला नाही, कधी प्यायले नाहीत. त्यामुळे त्यांच्यावर रागवायला कुणाला कारणच सापडत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी क्लासला आले, तुम्ही विचारलंत आणि मी म्हटलं, ‘एस्तोय बियेन.’ तुम्ही बाकीच्यांना वाक्यं लिहायला दिलीत आणि मला म्हणालात, "स्वैपाकघरात ये." तिथे कोथिंबिरीची जुडी सोडलेली होती. तुम्ही निवडायला बसलात, मला बसायला सांगितलं नाहीत, आणि शहरातल्या बाईचं बोलणं सोडून एकदम आमच्या घरातल्यासारखं म्हणालात, "काय गो, तुका कधी राग येणा नाय?"

मी जुडीतली एक काडी उचलून मोडली. मग तुम्ही म्हणालात, "बरं, मराठीत नको. तिकडच्या भाषेत सांग. मी काही तुला मार्क देत नाही."

‘तेंगो राबिया,’ मी म्हटलं. माझ्याकडे चीड आहे. कुणाची, तुम्ही विचारलंत. माझ्या बापाची, मी म्हटलं, आणि मग बाई, तुम्हाला आठवत असेल, मी थांबलेच नाही. त्या एका ‘एरा’पलीकडे भूतकाळ अजून शिकवला नव्हता, त्यामुळे मी सगळं वर्तमानकाळातच सांगत होते: माझी आई भाजते, माझे बाबा बसतात, मी एकोणीस वर्षांची आहे आणि कॉलेज सोडते, माझे बाबा बसतात. चुकत होते, तुम्ही एकदाही दुरुस्त केलं नाहीत. संपलं तेव्हा मला हलकं वाटत होतं आणि मला वाटलं तुम्ही आता पाठीवर हात ठेवाल. तुम्ही म्हणालात, "आता हेच मराठीत सांग." मला एक वाक्य फुटेना. तुम्ही कोथिंबिरीच्या काड्या गोळा केल्यात आणि म्हणालात, "मग अर्धंच झालं. परक्या भाषेत कुणीही शूर होतं. मला विचार." मला तेव्हा तुमचा भयंकर राग आला. तो मला मराठीतच आला.

पुढे सहा महिन्यांनी ते वाक्य मी घरी म्हटलं. संध्याकाळी आई गिऱ्हाइकांना पोळ्या पोचवायला गेली होती. मी म्हटलं, "बाबा, मला तुमचा राग येतो." ते टीव्हीकडे बघत म्हणाले, "येतलोच." मग म्हणाले, "माका पण येता. माझोच." त्याने आमच्या घरात फार काही बदललं असं नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी त्यांनी भरलं, आणि मग जाईपर्यंत तेच भरत होते. तुम्हाला येऊन सांगितलं तेव्हा तुम्ही आत गेलात आणि कपाटातून एक लोकरी टोपी आणून माझ्या डोक्यावर बसवलीत, कान झाकणारी, लाल-काळी, लिमाहून आणलेली. मुंबईत मे महिना चालू होता. अख्खा क्लास हसला, आणि तुम्हीही.

लिमाबद्दल तुम्ही चहाच्या वेळेला बोलायचात, तुकड्या-तुकड्यांनी. तुमच्या यजमानांची गिरणीही आमच्या बाबांच्याच वेळी बंद पडली, पण ते मशीनवरचे कारागीर, त्यांना पेरू देशातल्या एका कापड गिरणीने बोलावलं. तुम्हाला लालबागच्या खोलीबाहेरचं काही माहीत नव्हतं. तिथे पाऊस पडत नाही, आभाळ नुसतं करडं असतं, आणि खालच्या मजल्यावर एक बाई पाव भाजायची तिने तुम्हाला हाताशी धरलं. पीठ मळता-मळता तिने भाषा शिकवली. ती दिवसातून दहा वेळा विचारायची, कशी आहेस, आणि ‘बरी आहे’ म्हटलं की तिला चालायचं नाही. तुम्ही म्हणायचात, तोपर्यंत मला कुणी कधी विचारलंच नव्हतं गं. एवढं सांगायचात. मुलाबद्दल कधी नाही. मुलगा असल्याचं आम्हाला माहीत होतं. रविवारी कधीतरी यायचा, बोरिवलीहून, औषधांची पिशवी दारातच द्यायचा, पाणीसुद्धा न घेता जायचा. तुम्ही दार लावून परत फळ्याकडे वळायचात. पाठीवरून काही कळायचं नाही.

मग वरच्या मजल्यावर गेले, मग ती नोकरी सोडली, मग टेलिफोनवरून दुभाष्याचं काम करायला लागले. तुमच्याकडे येणं कमी झालं, दिवाळीला आणि तुमच्या वाढदिवसाला. आणि एक दिवस दुपारी तुमच्या मुलाचा फोन आला. मुलुंडच्याच एका हॉस्पिटलातून. म्हणाले, तुमच्या क्लासच्या वहीत माझा नंबर मिळाला. तुम्हाला अर्धांगाचा झटका आला होता, उजवी बाजू गेली होती. "ती काहीतरी बोलते. डॉक्टर म्हणतात वाचा गेलीय, अर्थ शोधू नका. पण मला वाटतं ते स्पॅनिश आहे. तुम्ही येऊन ऐकाल का?"

मी आले तेव्हा तुम्ही छताकडे बघत एकच शब्द म्हणत होतात, जिभेवरून घसरत, ‘सेद, सेद.’ वॉर्डातल्या मावशी म्हणाल्या, तीन दिवस हेच चाललंय, कुणा सईदला बोलावतायत बहुतेक. मी म्हटलं, त्यांना तहान लागलीय. सलाईन चालू होतं म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. डॉक्टरांना विचारून चमच्याने पाणी दिलं, तेव्हा तुम्ही डोळे मिटलेत आणि तुमच्या मुलाने तोंड फिरवलं. डॉक्टरांनी नंतर समजावलं, असं कधी कधी होतं. माणसाला दोन भाषा येत असतील तर एक अडकते आणि दुसरी वाट काढते. मराठी तुम्हाला सगळं कळत होतं. बोलायला फक्त ती दुसरी उरली होती.

मग मी रोज दुपारी यायला लागले, कामावर जायच्या आधी. तुमच्या मुलाला स्पीच थेरपीच्या बाईंनी सांगितलं होतं की काय बोलतात ते रेकॉर्ड करून ठेवा, म्हणून ते फोन चालू करून उशीजवळ ठेवायचे. तुम्ही एकेक शब्द काढायचात आणि मी त्यांना मराठीत सांगायचे. त्यांना थंडी वाजतेय. त्यांना भीती वाटतेय, दिवे बंद करू नका म्हणतात. अंग पुसायला पुरुष आला तर त्यांना लाज वाटते, मावशींनाच पाठवा. तो आमचा अख्खा धडाच होता बाई, दोन पानांचा, पलंगावर पडलेला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तुमचा मुलगा मला जिन्यात म्हणाला, "ताई, अडतीस वर्षांचा आहे मी. आईला भीती वाटते हे मला पहिल्यांदा कळतंय." आणि मग तिथेच, पायरीवर उभं राहून, त्यांनी मला ते सांगितलं जे तुम्ही कधी सांगितलं नव्हतं. ते आठ वर्षांचे असताना तुम्ही दोघं गेलात, सहा महिन्यांसाठी म्हणून. घाटकोपरला आत्याकडे त्यांना ठेवलंत. पुढच्या वर्षी नेऊ, मग त्याच्या पुढच्या वर्षी. परत आलात तेव्हा ते चौदाचे होते आणि आत्याला आई म्हणत होते. हे सांगून ते म्हणाले, मनोरीला एक घर आहे, अशा पेशंटना ठेवून घेतात, चौकशी केलीय. "माझ्याकडून घरी नाही व्हायचं, ताई. मला आतून येतच नाही काही."

आठव्या दिवशी तुम्हाला उशीला टेकवून बसवलं होतं. खिडकीतून ऊन येत होतं तुमच्या पायावर. तुमच्या मुलाने एकदम खुर्ची पुढे ओढली. मला म्हणाले, "ताई, तिला विचारा…" आणि थांबले. "नको. मीच विचारतो. तिला कळतं." आणि तुमच्याकडे बघून म्हणाले, "आई, मला टाकून गेलीस. सहा वर्षं. तुला त्याचा कधी पश्चात्ताप झाला का?"

तुम्ही त्यांच्याकडे बघितलंत, मग माझ्याकडे, आणि फार कष्टाने, पण एकेक शब्द वेगळा करून म्हणालात, ‘नो. नो मे आरेपियेन्तो.’ नाही. मला पश्चात्ताप नाही. मग श्वास घेतलात. ‘एरा फेलीस.’ मी सुखी होते. एस्तार नाही, सेर. उगीच तोंडातून न येणारं. आणि मग बराच वेळ ओठ नुसते हलले, आणि आलं ते असं, तुकड्यांनी: ‘मे दुएले… फेलीस… सिन एल.’ दुखतं मला, की सुखी होते, त्याच्याशिवाय.

ते माझ्याकडे बघत होते. अडतीस वर्षांचा माणूस, आठ वर्षांच्या मुलासारखा बघत होता. मी म्हटलं, "त्या म्हणतात, पश्चात्ताप होतो. त्यांना दुखतं. तुम्ही जवळ नव्हतात ते दुखतं."

‘नो’ गाळला. आणि ‘फेलीस’ गाळलं, दोनदा. मी विचार केला नव्हता. विचार करायला वेळ नव्हता असं मी स्वतःला सांगत आले. पण मला मनोरीचं घर माहीत होतं, आणि त्यांचं ‘आतून येत नाही’ माहीत होतं. त्यांनी तुमच्या पांघरुणावर डोकं ठेवलं आणि हमसून रडायला लागले. तुम्ही डावा हात त्यांच्या डोक्यावर ठेवलात. आणि त्यांच्या डोक्यावरून माझ्याकडे बघितलंत. तुम्हाला मराठी सगळं कळत होतं.

मनोरी रद्द झालं. त्यांनी तुम्हाला बोरिवलीला नेलं, आपल्या बेडरूममध्ये तुमचा पलंग लावला. पाच आठवडे त्यांनी रजा काढून तुम्हाला भरवलं, केस विंचरले, सूनबाई सांगत होत्या की छोटीला तुमच्या उशीवर बसवून गोष्टी सांगायचे, दोघींना एकदम. मग तुम्ही गेलात. दहाव्याला ते मला म्हणाले, "ताई, तुम्ही नसतात तर मला आई मिळालीच नसती." मी त्यावर काय म्हटलं ते आठवत नाही. काहीतरी म्हटलं असेन.

मी आता नव्या मुलींना ह्या कामाचं ट्रेनिंग देते. आमचा नियम साधा असतो: समोरचा ‘मी’ म्हणाला की तुम्हीही ‘मी’च म्हणायचं, आणि काही घालायचं नाही, काही गाळायचं नाही. कुठल्या तरी लांबच्या शहरात डॉक्टर एका म्हातारीला तिचा आजार सांगत असतो, आणि नाहूरच्या माझ्या खोलीत हेडफोन लावून मी म्हणत असते, मला घरी जायचंय, मला भीती वाटते, माझ्या मुलीला आत पाठवा. कितीही कठीण असो, मी पूर्ण सांगते. मुली विचारतात, मॅडम, एखादं वाक्य ऐकणाऱ्याला सहन होणार नाही असं वाटलं तर? मी म्हणते, ते ठरवणाऱ्या आपण कोण. चांगलं ठसवून म्हणते. एकीने एकदा वहीत लिहूनही घेतलं.

तर मी परवाच्या रविवारी बोरिवलीला गेले. तुमचा मुलगा एक्कावन्न वर्षांचा झालाय, कपाळ तुमच्यासारखं दिसायला लागलंय. सूनबाईंनी चहा ठेवला. तुमच्या नातीने लॅपटॉप उघडून टीपॉयवर ठेवला आणि ते लावलं. तुमचा आवाज आला, आणि मागोमाग माझा, तेव्हाचा, ठाम, जराही न अडखळणारा. मला वाटलं होतं त्यात कुठेतरी कचरल्यासारखं ऐकू येईल. नाही आलं.

"तुम्हाला तेव्हा कळलं होतं का ती काय म्हणाली?" तुमच्या मुलाने विचारलं.

"हो."

"म्हणजे चुकून नाही झालं."

"नाही."

ते उठून गॅलरीत गेले. सूनबाई कपबशा गोळा करायला लागल्या, चहा कुणी प्यायला नव्हता तरी. ते परत आले तेव्हा उभ्यानेच बोलले. "तेरा वर्षं मी सगळ्यांना सांगतोय, आईने शेवटी माफी मागितली. आत्या जायच्या आधी तिला पण हेच सांगितलं. ती म्हणाली, सुटलास बाबा. आणि तुम्ही मला…" मी म्हटलं, "मी चुकले. तेव्हा मला वाटलं, खरं सांगितलं तर तुम्ही उठून जाल." "गेलोच असतो," ते म्हणाले. "शंभर टक्के गेलो असतो. पण ते माझं होतं ना, ताई. जायचं की थांबायचं, ते माझं होतं."

तुमची नात लॅपटॉपसमोरच बसून होती. बापाने तिला म्हटलं, "परत लाव. आणि तू सांग. तुला जेवढं येतं तेवढं." तिने लावलं, थांबवत थांबवत सांगितलं. मला पश्चात्ताप नाही. मी सुखी होते. मग पुढच्या तुकड्यावर अडली, मागे नेऊन दोनदा ऐकलं. "मे दुएले म्हणजे… इट हर्ट्स मी. तिला दुखतंय पप्पा, की ती हॅपी होती, तुमच्याशिवाय." बरोबर आहे का, म्हणून तिने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. काळांमध्ये कच्ची आहे, पण कान तुमचा आहे.

तुमचा मुलगा खाली बसला. म्हणाले, आत्या रोज झोपवताना सांगायची, तुझी आई तिकडे तुझ्यासाठी रडत असेल. तिचा हेतू चांगला होता. "पण मी खाली खेळताना जोरात हसलो ना, की मला आठवायचं, ती रडतेय. मग मी हसायचं थांबवायचो. सहा वर्षं. आणि ती तिकडे हसत होती." हे त्यांनी रागाने म्हटलं की काय, मला ओळखता आलं नाही, आयुष्यभर हेच काम करूनही. थोड्या वेळाने म्हणाले, "रडत नव्हती म्हणजे." मग आणखी थोड्या वेळाने, "आणि दुखत पण होतं. दोन्ही." आणि हात पुढे करून लॅपटॉप स्वतःकडे वळवून घेतला.

निघताना ते लिफ्टपर्यंत सोडायला आले. म्हणाले, "एक विचारतो. नंतर आई तुम्हाला कधी काही म्हणाली का, ह्याबद्दल?" मी म्हटलं, नाही. लिफ्ट आली. ते म्हणाले, "परत या असं आत्ता नाही म्हणत. वाटलं तर फोन करीन." अजून आलेला नाही.

हे पत्र कुणाला द्यायचं नाहीये. तुमच्या क्लासला आणायचे त्याच माझ्या जुन्या वहीत, मागच्या कोऱ्या पानांवर लिहितेय, आणि तिथेच राहील. पण तुम्हाला लिहायला बसले आणि हे टाळलं तर आणखी एकदा गाळल्यासारखं होईल. त्या पाच आठवड्यांत मी तुमच्याकडे दोनदाच आले, काम आहे काम आहे म्हणत. दुसऱ्या वेळी तुमचा मुलगा तुमच्यासाठी पेज गार करायला आत गेला होता. खोलीत आपण दोघीच. तुम्ही डाव्या हाताने माझं मनगट धरलंत, आजारी माणसाच्या मानाने फार घट्ट, आणि म्हणालात, ‘दीसेलो.’ त्याला सांग. मी म्हटलं, "काय बाई? कळलं नाही." तुम्ही पुन्हा म्हणालात. मी पुन्हा म्हटलं, कळलं नाही. तिसऱ्यांदा म्हणालात तेव्हा ते वाटी घेऊन आले आणि विचारलं, काय म्हणतेय? मी म्हटलं, नीट ऐकू आलं नाही.

मला पहिल्याच वेळी कळलं होतं. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.